इस्त्रीवरचा पत्रा

“मॅडम, जरा पाय घ्या.”

ती दोन पावलं मागे सरकली. तिच्या बुटांखालचा पिवळा बोर्ड टोळीतल्या दोघांनी उचलला आणि पुढच्या रांगेत नेऊन ठेवला. बोलणाऱ्यानं मान वर केली नव्हती. तो गुडघ्यांवर बसून, पेन्सिल कानावर अडकवून, वरच्या बोर्डाचा सांधा खालच्या बोर्डाच्या सांध्यावर तर येत नाही ना, हे बोटानं चाचपून बघत होता. सकाळचे साडेआठ वाजले होते. छपरावर ऊन कोवळं होतं, खाली धुलाई-कारखान्यातली यंत्रं एका सुरात गरगरत होती, आणि ज्यानं तिला मॅडम म्हटलं तो टोळीचा मुकादम तिचा बाप होता.

तसं बघितलं तर काहीच झालं नव्हतं. छपरावर रोज कोणी ना कोणी तिला मॅडम म्हणत असे. दहा वर्षांत तो शब्द तिला हनुवटीखालच्या हेल्मेटच्या पट्ट्याइतका सवयीचा झाला होता. असतो, पण जाणवत नाही. आज तो बाबांच्या तोंडून आला आणि बुटात खडा जावा तसा आत जाऊन बसला. चौतीस वर्षांत बाबांनी तिला काय काय म्हटलं नव्हतं? लहानपणी ठकी. हट्टाला पेटली की ठकूबाई. परीक्षेत पहिली आली त्या दिवशी वाघीण, तेही शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात. लग्न ठरलं तेव्हा आठवडाभर काहीच नाही, नुसतं ‘हं’. आणि आता बरीच वर्षं फक्त ‘अगं’. त्या एका ‘अगं’मध्ये राग, लोभ, ‘जेवलीस का’, ‘रोडावलीस’ असं सगळं मावत असे. मॅडम मात्र कधीच नव्हतं. ती नकाशा उघडून उभी राहिली आणि नकाशाकडे बघत राहिली, पण तिला त्यात एक रेघ दिसेल तर शपथ. टोमणा असावा का? टोमणाच असणार. बाबांचे टोमणे साधे नसत. ते सरळ, गुळगुळीत शब्दांत येत आणि दोन दिवसांनी कळत.

टोमण्याला कारण होतं. पाच वर्षांपूर्वी बाबा म्हणाले होते, “तू मापं काढ, मी ठोकतो. बापलेकीची टोळी करू.” आणि ती तेव्हाची नोकरी सोडून काचेच्या भिंती असलेल्या एका सल्लागार कार्यालयात लागली होती. बाबा तेव्हा फक्त ‘बरं’ म्हणाले. त्यांचं ‘बरं’ म्हणजे बंद दार. आत माणूस आहे की नाही ते बाहेरून कळायचं नाही. त्यानंतर आज पहिल्यांदा तिचा नकाशा आणि बाबांची टोळी एका छपरावर आली होती. तिनं ठरवून आणली नव्हती, त्यांनी मागितली नव्हती; योग म्हणायचा. आईला कळलं तेव्हा ती फोनवर खदखदून हसली होती. म्हणाली, “चला, तुमचं भांडण छपरावर चढलं. माझं घर तरी शांत राहील.”

तिचं काम निवडण्याचं. कोणत्या छपराला कोणता बोर्ड, किती जाड, किती थर, तो कशानं धरून ठेवायचा. लोकांना वाटतं वारा छप्पर दाबतो. तो दाबत नाही, ओढतो; भांड्यावरचं झाकण उचलावं तसा वरून ओढतो, आणि कोपऱ्यांत सगळ्यात जोरात. म्हणून मधल्या भागात एका बोर्डाला आठ स्क्रू, कडेच्या बोर्डाला बारा, कोपऱ्यातल्याला सोळा. प्रत्येक स्क्रूखाली तळहाताएवढी चकती, म्हणजे मऊ बोर्ड फाटून वर यायचा नाही. स्क्रू पन्हळी पत्र्याच्या उंच भागातच बसला पाहिजे, आणि त्याचं टोक पत्र्याखाली बोटाच्या पेराएवढं निघालं पाहिजे. हे सगळं तिला पाठ होतं. या कारखान्यासाठी तिनं कडक पिवळा फोम निवडला होता, दोन थर, आणि त्याखाली वाफ अडवणारा काळा पडदा, कारण खालून ती दिवसभर वर येणार. निवडताना तिनं एखाद्या काकूनं भाचीसाठी स्थळ बघावं तसं सगळं बघितलं होतं: अंगकाठी, वजन, आगीजवळचा स्वभाव, पाण्यापावसातलं वागणं. कार्यालयातले साहेब म्हणाले होते, “अहो, बोर्डच आहे तो.” त्यांना काय कळणार. साहेबांनी लहानपणी कधी उन्हात बर्फ ठेवून बघितला नव्हता.

तिनं बघितला होता. आठ वर्षांची असेल. बाबा रोज पिशवीतून कापलेले तुकडे आणत; पांढरे, पिवळे, गुलाबी, आणि एक खाकी रंगाचा, ज्याला हात लावला की संध्याकाळपर्यंत खाज. ती त्यांची घरं बांधायची. आई म्हणायची, घरात माणसांपेक्षा कचरा जास्त झाला. एके दिवशी तिनं विचारलं, “बाबा, यातला सगळ्यात उबदार कोणता?” बाबा उठून सुरी आणि बर्फ घेऊन आले. त्यांनी प्रत्येक तुकड्यात सुरीनं खळगा केला, एकेक बर्फाचा खडा आत ठेवला, वर त्याच जातीच्या तुकड्याचं झाकण लावलं आणि चारही डब्या खिडकीत उन्हात मांडल्या. मग सुट्टीची अख्खी दुपार ते दोघं खिडकीशी पोटावर झोपून राहिले. दर थोड्या वेळानं बाबा झाकण उचलत आणि डॉक्टरसारखे गंभीरपणे म्हणत, “पांढऱ्याची तब्येत ढासळली.” गुलाबी गेला, खाकी गेला. पिवळ्यातला खडा सूर्य कलला तरी होता. वाटाण्याएवढा उरला होता, पण होता. बाबांनी तो तिच्या जिभेवर ठेवला. त्याला फोमची चव होती. आज पंचवीस-सव्वीस वर्षांनीही कडक पिवळा बोर्ड हातात घेतला की तिच्या जिभेला गार वाटे, आणि ही गोष्ट तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती, कारण सांगितली तर तो हसला असता आणि ती चिडली असती.

साडेदहाच्या सुमाराला कारखान्याच्या व्यवस्थापक बाई शिडी चढून वर आल्या. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातांना साबणाचा वास, आवाज यंत्रांवरून ओरडून ओरडून कायमचा चढलेला. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारा हा कारखाना त्यांनी एकही दिवस बंद ठेवला नव्हता, आणि छपराच्या कामासाठीही ठेवणार नव्हत्या. छपराची टोळी तेव्हा मधल्या भागात आली होती. बाबांनी स्वतः मशीन हातात घेतलं होतं. एक स्क्रू लावला. थांबले. मनगट झटकलं. दुसरा लावला. मान तिरकी केली. तिसरा लावला आणि उलटा फिरवून बाहेर काढला, चिमटीत धरून त्याचे आटे डोळ्यांजवळ नेले आणि खिशात टाकला. मग उठले, गुडघे झटकले आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले, हात मागे बांधून. हात मागे! घरी हेच हात तिच्या डोक्यावर टपली मारत.

“मॅडम, इथं एक चाचणी घेतली तर?”

“चाचण्या झाल्यात, मुकादम,” ती म्हणाली. ‘मुकादम’ हा शब्द तिनं जरा घासून वापरला. “दहा जागी स्क्रू ओढून बघितलेत. दहाच्या दहा पास. चार कोपरे, चार कडा, मधे दोन.”

“होय. कागद बघितलाय मी.”

“मग?”

“मग काही नाही. बरं.”

“काही अडचण आहे का?” बाईंनी विचारलं.

“काही नाही,” दोघं एकदम म्हणाले, एकाच सुरात, एकाच वेळी मान हलवून. बाईंनी एकदा बाबांकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. दोघांचं नाक एकच होतं. बाईंच्या लक्षात यायला वेळ लागला नसावा.

बाबा टोळीकडे वळले आणि ओरडले, “चला, पूर्वेची कड धरू. इथं ऊन फार लागतंय.” ऊन सगळ्या छपरावर सारखंच होतं. एवढं मोकळं, सपाट, बिनझाडाचं छप्पर; तिथं एका जागी जास्त ऊन लागायला सूर्यानं वशिला लावायला हवा होता. तिला न विचारता काम हलवलं, तेही बाईंदेखत. तिच्या कानशिलांत रक्त चढलं. ती कठड्याशी जाऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर एक माणूस सायकलवर शिडी आडवी धरून चालला होता आणि मागची सगळी वाहनं मुकाट्यानं त्याच्या मागून सरकत होती. तिला वाटलं, हे असंच. कोणी एक जण आडवं काहीतरी घेऊन चालतो आणि बाकीच्यांनी मागून जायचं. लहानपणी बाबा सायकल शिकवताना म्हणाले होते, मी धरलंय, मी धरलंय, आणि केव्हाच सोडलेलं होतं. धरलंय म्हणत सोडायचं आणि सोडलंय म्हणत धरायचं, हीच त्यांची रीत. नकाशा तुझा म्हणायचं, मॅडम म्हणायचं, आणि टोळी आपल्याला हवी तिकडे न्यायची!

“मॅडम, रागावलात?” शेजारी रेडिओ येऊन उभा राहिला होता. रेडिओ म्हणजे बाबांचा वीस वर्षांचा साथीदार. झोपेतही बंद न होणारा म्हणून हे नाव. “रागावू नका. आपल्या मुकादमाचा हात म्हणजे हात नाही, वैद्याची बोटं आहेत. स्क्रूची नाडी बघतात ते. मागे एका गोदामाच्या छपरावर—”

“वैद्य झाला तरी शंका आली की तपासण्या करायला सांगतो,” ती फटकन म्हणाली. “नुसत्या नाडीवर कोणी पोट फाडत नाही.”

आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं न पडलं तोच ते फिरून तिच्याच अंगावर आलं. बाबांनी तपासणीच तर मागितली होती. ‘इथं एक चाचणी घेतली तर?’ याहून वेगळं काय म्हणाले होते ते? नाही म्हणणारी ती होती. रेडिओ गोदामाची गोष्ट सांगत राहिला, आणि तिच्या मनात मात्र एक दुसराच आवाज वाजायला लागला, चढा, साबणाच्या वासाचा: “पडदा सरकवू का?” दीड महिन्यापूर्वी पाहणीला आली होती तेव्हा. कारखान्याच्या मधोमध इस्त्रीचे मोठे रूळ होते, गरम वाफेभोवती जाड कापडाचा पडदा लावलेला, आणि बाई म्हणाल्या होत्या, पडदा सरकवू का, वरचा पत्रा बघायचाय ना तुम्हाला? ती म्हणाली होती, “नको, राहू दे. पत्रा सगळीकडे एकच आहे.” का म्हणाली होती? घाई होती? नव्हती. उकडत होतं, चष्म्यावर वाफ धरत होती आणि तिला चष्मा पुसायचा कंटाळा आला होता. एवढंच. दोन शब्द. राहू दे.

ती शिडीवरून खाली उतरली. उतरताना मोजत नव्हती तरी पायऱ्या फार वाटल्या. आत ओल्या कापडाचा, साबणाचा, भाजलेल्या सुताचा वास. बायका दोन-दोनच्या जोडीनं चादरींची टोकं धरून जवळ येत, लांब जात, पुन्हा जवळ येत होत्या, जणू जुनी ओळख होती आणि ती दर मिनिटाला नव्यानं होत होती. तिनं व्यवस्थापक बाईंना गाठलं आणि म्हणाली, “त्या दिवशी सरकवला नाहीत तो पडदा आज सरकवाल?”

“त्या दिवशीसुद्धा सरकवला असता,” बाई म्हणाल्या आणि एका झटक्यात पडदा बाजूला केला.

गरम वाफ तोंडावर आली. चष्मा पांढरा झाला. तिनं तो काढला, बाहीनं पुसला, पुन्हा धुरकटला, पुन्हा पुसला, आणि वर बघितलं. सगळ्या कारखान्यावर पत्रा चांदीसारखा होता. इस्त्रीच्या रुळांवर मात्र एक लांबलचक तपकिरी पट्टा होता, चांगला दोन पुरुष रुंद, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वर्षानुवर्षं वाफ तिथं जाऊन बसली होती आणि खालून पत्रा खात राहिली होती. वरच्या अंगाला त्याची खबर नव्हती. तिच्या मधल्या दोन चाचण्या या पट्ट्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा पडल्या होत्या, भांगाच्या दोन्ही बाजूंना पडाव्यात तशा. बाबांनी सकाळी लावलेल्या स्क्रूंची टोकं दिसत होती. भोवतीची भोकं फाटून मोठी झाली होती. खिडक्या उघडायला ठेवलेली लांब काठी तिनं घेतली, टोकानं पत्र्याला हळूच ढोसलं. गंजाचा भुगा तिच्या बाहीवर आणि नुकत्याच इस्त्री झालेल्या एका चादरीवर पडला. बाईंनी चादर उचलली, झटकली, डाग बघितला आणि पुन्हा धुवायच्या गाडीत टाकली.

भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही; वाऱ्याचे दिवस तीन आठवड्यांवर होते, मधल्या भागात स्क्रू सगळ्यात कमी, खाली या सगळ्या बायका. पण भीतीच्या मागोमाग एक भलतीच गोष्ट तिच्या अंगात चढू लागली. तिला हलकं वाटत होतं. इतकी वर्षं ती चूक होण्याची वाट बघत होती हे तिला आत्ता कळलं. प्रत्येक नकाशावर सही करून झाल्यावरही ती सगळे आकडे पुन्हा पहिल्यापासून तपासून बघे. आता चूक समोर होती, तिची लांबी-रुंदी मोजता येत होती, तिच्यावर काठी लावता येत होती. हे भूत नव्हतं, पत्रा होता. पत्र्याचं काय करायचं ते तिला येत होतं.

वर येऊन ती म्हणाली, “मधलं सगळं काम थांबवा. ओढायचा काटा आणा.” आणि बाबांनी जिथं स्क्रू काढला होता त्याच्या शेजारीच नवा स्क्रू लावून काटा जोडला. टोळी भोवती जमली. काटा शंभर किलोंच्या पलीकडे जायला हवा होता. तिशीतच स्क्रू दुधाच्या दातासारखा अलगद हातात आला. तीन हात पुढे लावला, तेच. आणखी पुढे, तेच.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. आवाज बाईंइतका चढला होता. “पाहणीच्या दिवशी खालून बघायला हवं होतं, बघितलं नाही. मुकादमांनी सकाळी सांगितलं तेव्हा ऐकायला हवं होतं, ऐकलं नाही.”

रेडिओसुद्धा बंद पडला. मग बाबा म्हणाले, “चहा घ्या सगळ्यांनी,” आणि स्वतः बोर्डांच्या थप्पीमागे सावलीत जाऊन बसले. ती गेली. बाबांनी किटलीचं झाकण काढून त्यात तिला चहा ओतला, कारण पेला एकच होता.

“सरळ सांगायचं होतं ना बाबा,” ती म्हणाली. “ठकी, पत्रा सडलाय, एवढंच.”

“बाईंसमोर? पोरांसमोर?” बाबा म्हणाले. “छपरावर हुकूम एकाचाच चालतो. मी तुला अगं-तुगं केलं तर उद्या हे लोक तुझ्या नकाशाचा पंखा करून वारा घेतील. म्हणून मॅडम. बाकी काही नाही.”

उत्तर पटण्यासारखं होतं. ती चहा प्यायली. तेवढ्यात थप्पीच्या वरून रेडिओचं डोकं उगवलं. “खोटं! सकाळी येताना गाडीत पाठ करत होते. मॅडम म्हणू की ताई म्हणू, तुम्ही म्हणू की नावच न घेता बोलू. मी म्हटलं, अहो, मुलगी आहे तुमची. तर म्हणतात, म्हणूनच.”

“जा रे, बोर्ड मोज!” बाबा ओरडले. डोकं मावळलं. बाबांचे कान लाल झाले होते; तिला माहीत नव्हतं की तेही होतात. पेल्यातला उरलेला चहा त्यांनी संपवला. मग म्हणाले, “अगं, मी तरुण असताना एका छपराचा कोपरा वाऱ्यानं उडाला माझा. मला कळलं होतं, हाताला कळलं होतं, की इथं धरत नाहीये. पण साहेब शिकलेला, हातात कागद. माझी जीभच उचलली नाही. माणूस मेला नाही, नशीब. तेव्हा ठरवलं, पुन्हा असं गप्प बसायचं नाही. आणि आज साहेबाच्या जागी तू. तर पुन्हा तीच जीभ टाळूला! पोटची मुलगी, आणि मी हात मागे बांधून उभा. म्हटलं, निदान लोकांना तिथून हलवू तरी.”

तिला हसू यायला लागलं. बाबा तिला घाबरले होते. सबंध सकाळ ती त्यांच्या टोमण्यात जळत होती आणि ते बिचारे तिच्या कागदापुढे थरथरत होते. हसू आवरेना तेव्हा तिनं झाकण तोंडासमोर धरलं. बाबांनी आधी डोळे वटारले आणि मग तेही हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत, जसे ते घरी आईची बोलणी खाताना हसत.

पुढचे पंधरा दिवस मात्र दोघं भांडले. छान, मोकळे, पोटभर भांडले. साहेबांना तिनं फोनवर चूक आपली म्हणून सांगितलं, ते बरंच काही बोलले, तिनं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “मग पत्रे कधी येतायत?” बाबांचं म्हणणं होतं लांब, जाड स्क्रू वापरू. ती म्हणाली, “सडलेल्या हिरडीत लांब दात बसवून काय उपयोग?” अकरा पत्रे काढायचे ठरले. बाईंनी रूळ रोज दुपारनंतर बंद ठेवायचं कबूल केलं. जुने पत्रे निघाले, नवे जाड पत्रे थेट तुळयांवर आवळले, आणि मग खरी जुंपली. पट्ट्यावरचे बोर्ड स्क्रूनं धरायचेच नाहीत, चिकटवायचे, असं ती म्हणाली. बाबा उडालेच. “गोंदानं? छप्पर म्हणजे काय शाळेतली चिकटवही आहे?” तिनं त्यांना खाली नेलं. रुळांच्या अलीकडे स्क्रूंची टोकं दाखवली. प्रत्येक टोकावर एकेक थेंब लोंबत होता. “स्क्रू वरचा गारवा खाली आणतो. वाफ त्याला धरते, थेंब होतो, थेंबानं गंज होतो. आणि प्रत्येक स्क्रू माझ्या काळ्या पडद्याला भोक पाडतो. दुसरीकडे चालेल. इस्त्रीवर नाही.” बाबा त्या थेंबांकडे बराच वेळ बघत राहिले. चाळीस वर्षं छपरावर गेली होती. ठोकलेल्याच्या खालच्या बाजूला असं निवांत उभं राहायची वेळ त्यांच्यावर फारशी आली नव्हती. तरी विश्वास बसेना. चिकटवलेला पहिला बोर्ड वाळला तेव्हा त्यांनी त्याच्या कडेत बोटं घातली, पाय रोवले, रेडिओनं त्यांना कमरेला धरलं, आणि दोघांनी जोर लावला. बोर्ड मधून मोडला आणि दोघं उताणे पडले. गोंद मात्र सुटला नव्हता. अर्धा बोर्ड काळ्या पडद्याला तसाच धरून होता. बाबा उताण्यानंच म्हणाले, “बरं.” या ‘बरं’चं दार उघडं होतं.

काम संपलं. आणि मग वाऱ्याचे दिवस आले.

पहिला मोठा वारा एका दुपारी सुटला. कार्यालयाच्या काचा हुं हुं करायला लागल्या, खाली रस्त्यावर दुकानांच्या पाट्या फडफडल्या, कोणाची तरी टोपी दुभाजकावरून उड्या मारत गेली. ती अर्धा तास खुर्चीत बसली; बसली म्हणजे तीन वेळा उठली. असल्या वाऱ्यात तिच्या माहेरी काय चाललं असेल ते तिला न बघता दिसत होतं. वारा सुटला की बाबा घरात टिकत नसत. या खिडकीतून त्या खिडकीत जात आणि आपण ठोकलेल्या छपरांची नावं पुटपुटत, जणू बाहेरगावी गेलेली मुलंच मोजताहेत: शाळा, पिठाची गिरणी, जुनं गोदाम, नवं गोदाम. जेवणाचं ताट तसंच राही. वारा दोन दिवस चालला तर दोन दिवस माणूस पाठ टेकत नसे. आई म्हणायची, याच्याशी लग्न केलं तेव्हा मला माहीत नव्हतं की शहरातली निम्मी छपरं माझ्या सवती आहेत.

शेवटी तिनं पिशवी उचलली, साहेबांना ‘पाहणी’ असं सांगितलं आणि बस पकडली. उतरून कारखान्यापर्यंत चालताना वाऱ्यानं तिला दोनदा भिंतीला टेकवलं. आत मात्र तोच एकसुरी गरगराट होता, तोच सुताचा वास. बाईंनी तिला बघितलं आणि कपाळाला हात लावला. “तुम्हीसुद्धा? या. एक जण आधीच आलाय.”

इस्त्रीच्या पडद्यापलीकडे, मळक्या कापडांच्या गाठोड्यांच्या ढिगावर बाबा होते. टोपी छातीवर, पाय पसरलेले, तोंड उघडं. गाढ झोपले होते. अंगावर कोणीतरी रुळातून निघालेली ऊन-ऊन चादर टाकली होती.

“तासाभरापूर्वी आले,” बाई जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाल्या. “वर बघत बसले. म्हणाले, पाच मिनिटं ऐकतो आणि जातो. पाचव्या मिनिटाला घोरायला लागले.”

तिनं वर बघितलं. बाहेर वारा छप्पर ओढत होता; मधूनच एक लांब, खोल श्वास घेतल्यासारखा आवाज येई आणि विरून जाई. नवा पत्रा चांदीसारखा स्वच्छ होता. हालत नव्हता. कुठं कुरकुर नव्हती, कुठं थेंब नव्हता. तिनं फोन काढून आईला लावला.

“अगं, बाबा कुठंयत?” आईनं तिचं ऐकण्याआधीच विचारलं. “वारा सुटला तसे बाहेर पडलेत. जेवलेसुद्धा नाहीत.”

“इथं आहेत. कारखान्यात. झोपलेत.”

“झोपलेत?”

“घोरतायत. ऐक.” तिनं फोन बाबांच्या तोंडाजवळ नेला, मग पुन्हा कानाला लावला.

“या वाऱ्यात?” आई म्हणाली. आणि मग, तिच्या हसण्याच्या अलीकडचा जो आवाज होता त्या आवाजात, “उठवू नकोस गं त्यांना. मी ताट झाकून ठेवते.”

ती शेजारच्या गाठोड्यावर बसली. एका बाईनं न विचारता तिच्याही मांडीवर एक गरम चादर आणून टाकली.